डावी, उजवी

शुक्रवार, संध्याकाळचे सहा.
डंडीत डिसेंबर म्हणजे दुपारी साडेतीनलाच दिवा लावायचा.
खिडकीबाहेर टे नदी आहे हे फक्त
पुलावरून सरकणाऱ्या आगगाडीच्या उजेडावरून कळतं.
मी टेबल पुसतो. परत पुसतो.
तू म्हणतेस, बाबा, झिजेल ते.

हात धुतो, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा,
मोराग नर्सनं दाखवलं तसे.
तिच्या हातांवर कुणी तिळाची चिक्की कुस्करल्यासारखे ठिपके.
तिनं मला आधी एका संत्र्याला टोचायला लावलं होतं.
संत्रं काही बोललं नाही.
मीच हळूच सॉरी म्हणालो.

मी, म्हणजे तोच,
जो कोपरगावच्या शाळेत लस टोचणारे आले
की मुतारीच्या भिंतीवरून उडी टाकून
थेट उसात शिरायचा.

हे काम आईचं होतं खरं तर.
ती सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते.
पण तिच्या पोटात पाच महिन्यांचं कुणीतरी आहे,
आणि या औषधाला
आपलं-परकं कळत नाही.
म्हणून ती दाराबाहेर जिन्यावर बसते
आणि तिथून ओरडते:
तारीख बघितलीस?
बघितली.
नाव?
हिचंच.
डोस?
कागदावर तोच, लेबलवर तोच.
मागच्या वेळी कुठली मांडी?
डावी.

निळे हातमोजे चढवतो.
सिरिंज उजेडाकडे धरतो.
आत पिवळं.
हळदीशी त्याचं काही नातं नाही,
तरी तू आधी वरण सोडलंस, मग पोहे,
मग पिवळा खडू, जो मला सोफ्याखाली सापडला,
तीन तुकडे केलेला.
तेव्हापासून आपल्या घरात वरण पांढरं.
हळदीचा डबा आईनं काही न बोलता
वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या कपांमागे ठेवला.

आत एक बुडबुडा आहे.
तो तसाच राहू द्यायचा,
ढकलून काढायला जाल तर औषध सांडाल, मोराग म्हणाली होती.
तू त्याचं नाव बंड्या ठेवलंयस.
दर शुक्रवारी नवा बंड्या.

आणि तुझं नाव ऋजुता. सरळपणा.
ठेवलं तेव्हा कुठं ठाऊक होतं
की सकाळी एक गुडघा सरळ करायला
तुला गरम पाण्याची पिशवी लागेल
आणि अर्धा तास,
आणि शाळेची बस निघून जाईल.

मांडीची कातडी चिमटीत धरतो, अगदी हलकी.
हात थरथरतो. तुला दिसतं.
"बाबा, श्वास घे."
घेतो.
"आता सोड."
सुई आत जाताना काहीच आवाज होत नाही,
याचीच मला दर वेळी भीती वाटते.
हळूहळू दाबतो.
तू इंग्रजीत उलटे आकडे मोजतेस, मी मराठीत,
शून्यावर गाठ पडते.

चोळायचं नाही. नुसता कापूस.
सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही,
सरळ जांभळ्या झाकणाच्या डब्यात.
खट्ट. हा आवाज मात्र होतो,
आणि जिन्यावरची पायरी करकरते.

उद्या तुला मळमळेल बहुतेक.
टब उशाशी ठेवतो, तुझ्या नजरेआड.

मग फ्रिजवरच्या कागदावर लिहितो: उजवी.
मागच्या महिन्यात वर्गात कांजिण्या आल्या,
तेव्हा टोचलं नव्हतं,
क्लिनिकला फोन करून थांबलो होतो. तिथं फुली आहे.
त्या शुक्रवारी तू अंड्याचा बलकसुद्धा खाल्ला होतास.

तू लंगडत येऊन माझ्या शेजारी उभी राहतेस,
बोट ठेवून वाचतेस:
डावी, उजवी, डावी, उजवी, फुली, डावी, उजवी, डावी, उजवी.
"कुणीतरी चाललंय," तू म्हणतेस.
कुठं?
"खाली. फ्रिजवरून."
आणि फुली?
"तिथं बसलं होतं. दमून."

झालं का रे, आई जिन्यावरून विचारते.