फुटतूट वही

ना-देय दाखल्यावर आधी माझी सही लागते,
मुख्याध्यापकांची नंतर.
मी तुळशीदास निखारे, प्रयोगशाळा परिचर,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
म्हणून आज, निरोपाच्या दिवशी,
पाचपावलीच्या या शाळेची अख्खी बारावी
भाषणांना दांडी मारून
माझ्या दाराशी रांगेत उभी आहे,
आयांच्या साड्या सावरत,
थोरल्या भावांचे ब्लेझर घालून.

परीक्षानळी, एक. उझैर अन्सारी. बारा रुपये.
"ते तं आधीच तडकलेली होती ना बे..."
आणि जीभ चावतो.
काकांना बे म्हणत नाहीत इथे,
निदान तोंडावर.

परीक्षानळ्या, तीन. शर्वरी ढोमणे.
रात्री अकरापर्यंत बाबांच्या ठेल्यावर
खर्रा घोटणारे तिचे हात
सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला
अजून झोपेतच असायचे.
ती आली की मी स्टँड जरा आत सरकवायचो.
तरी तीन.

शंकुपात्र. अनोमा रंगारी.
कसं फुटलं ते तिला सांगता आलं नाही,
गिरडकर मॅडमना समजलं नाही,
छतावरचा जांभळा डाग मात्र
दोनदा चुना मारूनही तिथेच आहे.
आज ती त्याच्याखाली उभी राहून फोटो काढून घेते.

वहीत फुटलेलंच लिहितात.
न फुटलेल्याचा रकाना
छापणाऱ्याने ठेवलेला नाही.
नाहीतर भूपेशचं लिहिलं असतं.
त्याचे बाबा गेले, माग बंद झाला,
महिनाभर पोरगं शाळेत नव्हतं.
त्याचं जर्नल वर्गाने पाळीपाळीने पुरं केलं,
सत्तावीस हस्ताक्षरांत.
बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत राहिले,
एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा भूपेशकडे,
आणि म्हणाले, अक्षर सुधारत गेलंय.

पान एकशे सहा.
ब्युरेट, पन्नास मिलीचं. पाचशे ऐंशी रुपये.
रेणुका हेडाऊ.

ते माझ्या हातून पडलं होतं.
ऑगस्टात, मोतीबिंदू काढायच्या आधी,
टेबलाची कड मला टेबलापुढे दिसायची तेव्हा.
ती काच वेचत म्हणाली,
"लिहा ना काका माह्यं नाव.
माह्या कोणत्या पगारातून कापून राहिले?"
आणि मी लिहिलं.
बावीस वर्षं सांगत आलो, ही वही खोटं बोलत नाही,
आणि लिहिलं.

आता ती समोर आहे.
हिरवी साडी, पदराला सेफ्टी पिन,
मुठीत घामेजलेल्या सहा नोटा.
"वीस वापस द्या काका, समोसा खायचा आहे."

मी तिचं नाव खोडलं.
वर माझं लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
नोटा तिच्या मुठीत परत कोंबल्या.
ती वहीत डोकावली, जरा रागावली,
मग माझ्या डोळ्यांपुढे दोन बोटं नाचवत म्हणाली,
"किती?"
दोन, म्हणालो.
"मग करा सही."

खिडकीतून सगळं दिसत होतं.
सायकल स्टँडमागचा पळस पेटलेला,
पोह्यांच्या गंजाशेजारी तर्रीचा लाल तवंग,
सूत अजून केसांत अडकलेल्या चार आया
फाटकाशी, आत यावं की नाही अशा,
आणि शिपाई रहांगडाले त्यांच्यासाठी
मुख्याध्यापकांच्याच खुर्च्या ओढून नेताना.
माईकवर कोणी तरी उज्ज्वल भविष्य म्हणत होतं.
माझ्यापुढे ते ढकलाढकली करत होतं,
शाईने माखलेलं, अत्तर जास्त झालेलं.

तेवढ्यात रांग मागून रेटली गेली
आणि खळ्ळकन.

सगळे गप्प.
सवयीने मी वही उघडली,
टोपण काढलं, तारीख घातली.
कोण, ते विचारणार,
तर उझैर दारामागून झाडू घेऊन आलाही होता.
दोन वर्षांत तेवढी एक जागा
त्याची पक्की पाठ झाली होती.