अध्ययन निष्पत्तीचा तक्ता

सोमवारपर्यंत तक्ता भरून द्यायचा आहे.
विषय जीवशास्त्र, इयत्ता दहावी, तुकडी ड.
प्रत्येक वाक्याची सुरुवात 'विद्यार्थी' अशी,
शेवट वर्तमानकाळात:
ओळखतो, वर्गीकरण करतो,
सुबक नामनिर्देशित आकृती काढतो.
पुढे तीन रकाने.
साध्य. अंशतः साध्य. असाध्य.

शिक्षकखोलीतला पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो.
मार्च अजून अर्धाही झाला नाही
आणि माठावरचं ओलं फडकं तास संपायच्या आत वाळतं.
(हे बाष्पीभवन. बाष्पोत्सर्जन नव्हे.
दरवर्षी निम्मा वर्ग इथंच चुकतो.)

विद्यार्थी पानाचा पातळ छेद घेतो.
लावण्या येमूलनं घेतला तसा
मला बी.एस्सी.लाही जमला नव्हता.
ब्लेड असं गेलं, की पानाला कळलंही नसावं.
कुठं शिकलीस, विचारलं,
तर तिनं बोटं ओढणीत घेतली.
आई तेंदूची पानं भिजवते, ही कापते.
हजार विड्यांना किती पानं, तोंडपाठ.
काचपट्टीवर, खालच्या कडेला,
दोन पेशींमधली ती फट तिनं खूप वेळ पाहिली.
मागची रांग कुरकुरायला लागली.
"बाई, म्हणजे ही श्वास घेत होती?"
साध्य, असं लिहिलं,
पण पेन त्या 'होती'वर जरा थांबलं.

अंबादास कोंड्याल हजेरीलासुद्धा ओरडतो.
मी उर्मट समजले. दोनदा बाहेर उभा केला.
मग पालकसभेला त्याचे वडील आले,
टॉवेलच्या कारखान्यातली रात्रपाळी करून,
शर्टाच्या खांद्यावर अजून कापसाची लव.
ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहत राहिले.
गणितात कच्चा आहे, म्हटलं. होय होय, म्हणाले.
विज्ञानात हुशार आहे, म्हटलं. होय होय.

त्यानंतर कान शिकवायचा होता.
हातोडी, ऐरण, रिकीब, आत शंख,
शंखात बारीक केस, ओळीनं उभे,
"आपल्या नान्नजच्या माळावरच्या गवतासारखे,"
असं मी सहज म्हणून गेले.
जानेवारीत तिथं सहल नेली होती.
माळढोक काही दिसला नाही.
बाकीच्यांनी वहीत फलकावरचं चित्र उतरवून घेतलं.
अंबादासनं लिहिलं होतं:
पक्षी: दिसला नाही.
आवाज: नव्हता. कुठंच नव्हता.
आणि 'कुठंच'खाली दोन रेघा.

"बाई, ते केस झडले तर परत येतेत का ओ?"
वर्षभरात पहिल्यांदा तो हळू बोलला.
इतका, की मला पुढं वाकावं लागलं.

हे पुस्तकात नाही. परीक्षेला येत नाही.
पक्ष्यांमध्ये येतात, मी म्हणाले. कोंबडीत येतात.
माणसात नाही.
त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं,
जसं बाकीचे फळ्यावरचं लिहून घेतात, तसंच.

आता त्याचाच पेपर पुढ्यात आहे.
प्रश्न चार, अ. कानाची आकृती.
सात भाग, सातही बरोबर, ऱ्हस्वदीर्घासकट.
आणि कर्णनलिकेच्या तोंडाशी
पेन्सिलीनं काढलेला एक गोळा,
त्याला पट्टी लावून सरळ बाण,
आठवं नाव: कापसाचा बोळा.
खाली कंसात, बारीक अक्षरात:
कारखान्यात फुकट मिळतो, पण घालत नाहीत.
मी सांगतो रोज.

असाध्य हा शब्द दवाखान्यातला.
तो शाळेच्या तक्त्यात कुणी आणून ठेवला, कोण जाणे.
नियमाप्रमाणे पुस्तकाबाहेरच्या नावाला
अर्धा गुण कापायचा असतो.

कापला नाही.
तक्ता अजून कोराच आहे त्या ओळीला.
खिडकीतून दुपारपाळीचे माग ऐकू येतायत,
आणि मी मोठ्यानं, रिकाम्या खोलीत,
पुढचं वाक्य वाचते:
विद्यार्थी.