साटंलोटं

स्रवंतीच्या खाटेवर आता दोरोता झोपते.
साखर पेठेत सगळे तिला दोरा म्हणतात,
विणकरांच्या गल्लीत खपून जातं ते.

सहा महिने तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे,
वर दोन युनिव्हर्सिट्यांचे शिक्के.
साटंलोटंच म्हणायचं,
फक्त वऱ्हाड नाही,
आणि पहाटेची हुतात्मा, त्यात रडणार कधी.

दुपारी माग थांबला की ही पोर
जकार्डच्या पुठ्ठ्यावरची भोकं मोजून वहीत उतरवते.
घामाने शाई फुटते.
यांनी चाळीस वर्षांत कधी मोजली नाहीत,
आता चष्मा लावून शेजारी बसतात.

शेंगाचटणीने नाक लाल, डोळ्यांत पाणी,
तरी "अजून" म्हणते.
स्रवंतीची पुडी इथेच राहिली,
बॅगेच्या वजनात बसेना.

रात्री साडेबाराला तिचा फोन. पोलंडात तेव्हा आठ.
"अम्मा, इथेपण गिरण्या बंद. धुराडं तेवढं उभं."
झोपतेस कुठे, मी विचारलं.
"दोरोताच्याच खोलीत.
तिची आई रात्री दार उघडते,
बघते,
परत लोटून घेते."

मार्चचा उकाडा. चादर खाली पडलेली.
नकोच होती दोराला.
तरी उचलून पायांवर टाकली.