रोध

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
मल्लेशम येलगमचं रिवायंडिंगचं दुकान.
दारात पोट उघडून ठेवलेल्या मोटारी,
वार्निशचा वास, थोडा जळलेल्या केसांसारखा,
आणि खुंटीला, चाव्यांच्या शेजारी, पिवळा मीटर
पाठीवर चिकटपट्टी लावलेला.

मी शिकायला गेलो तेव्हा पहिला महिनाभर
एकच वाक्य : "आधी सप्लाय बंद."
रोध विचारायचा तो निवांत तारेला.
मीटर आपल्याजवळची चिमूटभर वीज तिला देतो
आणि बघतो, ती किती अडवते.
एवढंच.
बाकी सगळी ऐकून घ्यायची सवय.

इस्त्री येते : त्रेपन्न ओहम. बरी आहे, दोरी बदल.
इस्त्री येते : आकडाच नाही,
डाव्या कडेला नुसता एक उभा.
कॉइल आतून तुटली.
शाळेच्या घंटेची वायर टुक् करून ओ देते.
पाण्याची मोटार, तीन फेजची :
चार पॉइंट दोन, चार पॉइंट दोन, तीन पॉइंट एक.
"तिसरी बघ बे," मल्लेशम म्हणाला,
"वेढ्याला वेढा चिकटला.
कमी अडवणं हा पण आजारच असतो."
हे मी वहीत लिहिलं नाही.

मे महिन्यात बालमणी आली.
टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरते.
म्हणाली, मशीनला हात लावला की मुंग्या येतात,
कोपरापर्यंत.
मालक म्हणतो, उन्हानं होतं असं. वयानं होतं.

आम्ही गेलो.
सूत तुटू नये म्हणून फरशीवर पाणी मारलेलं,
ती अनवाणी.
मालकानं मशीनवर पंजा ठेवून दाखवला :
"मला कुठं काय होतंय?"
मल्लेशमनं त्याच्या पंजाकडे नाही,
पायातल्या जाड रबरी चपलांकडे पाहिलं.

मग मेगर काढला. काळी पेटी, बाजूला हँडल.
एक टोक वायंडिंगला, एक मोटारीच्या अंगाला.
मी गरागरा फिरवत होतो.
काटा अनंताकडे जायला हवा,
आडव्या आठाच्या खुणेकडे.
तो जागचा हलला, न हलला.
शून्य पॉइंट दोन.

मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा :
मीठ कोळसा सगळा वाळून खडखडीत,
काळ्या मातीला बोट जाईल एवढी भेग,
आणि पट्टी गंजून मधेच सुटलेली.
पळून जायला विजेला वाटच नव्हती,
बालमणीशिवाय.

मल्लेशमनं विडीच्या बंडलाचा कागद उलटा केला,
आकडा लिहिला, तारीख लिहिली, सही केली.
मालकानं हात पुढे केला होता.
कागद बालमणीला दिला.
"घे अम्मा. तू म्हणत होतीस ते."
तिला वाचता येत नाही.
तिनं तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला,
पगाराच्या नोटा ठेवते तिथं.

दोन दिवसांत मोटार बांधून दिली, पट्टी नवी टाकली.
ऐकलं की सुट्टी झाली की ती त्या खड्ड्यात
एक बादली ओतून मगच घरी जाते.
कुणी सांगितलं नव्हतं.

परवा दुकानात आली, चटणीची पुडी घेऊन.
म्हणाली, मला मोज.
मी हसलो. मल्लेशम हसला नाही.
दोन्ही पिना तिच्या दोन मुठींत दिल्या.
अकरा लाख. नऊ. साडेनऊ. सात.
"थांबत का नाही हा?"
"घाम येतोय तुला. घट्ट धरलंस की आणखी उतरतो.
माणसाचा आकडा एका जागी बसत नाही."
ती जरा वेळ बघत राहिली.
बोटांना सुताची कुसं चिकटलेली.
"मग सकाळी येते," म्हणाली, "कामाला लागायच्या आधी.
तेव्हा जास्त भरेल."

ती गेल्यावर मी मीटर खुंटीला लावला.
आतून मल्लेशम ओरडला :
"बंद केलास का बे?
ओहमवर ठेवलास तर रात्रीत बॅटरी उतरते."