विषय : स्टोअर असिस्टंट पदासाठी अर्ज

महोदय किंवा महोदया,
कोण आहात ते जाहिरातीत लिहिलेलं नाही,
म्हणून या एका ओळीवर अर्धा तास गेला.

'आपल्या कंपनीविषयी मला पहिल्यापासून ओढ आहे.'
खोडलं.
कंपनी नळाच्या तोट्या बनवते.
तोटीची ओढ असते म्हणा,
यादवनगरात, एप्रिलात, पाणी दिवसाआड आलं की.
पण ते कारण पत्रात चालत नाही.

'मी मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी.'
हे मागच्या सव्वीस पत्रांत होतं.
सत्ताविसाव्यात वाचताना वाटलं,
ही कोण बाई?
हिला तर मीही कामावर ठेवली नसती.

उद्यमनगरात सात वर्षं मी नट मोजले.
मोजले म्हणजे मूठ भरायची आणि सांगायचं, चाळीस.
एकोणचाळीस निघाले
तर एक टेबलाखाली सापडायचा.
शेड बंद झाली त्या दिवशीही मालकांनी गंमत म्हणून
मूठ भरायला लावली, आणि मग
कुणी मोजलंच नाही.

ही मूठ कुठल्या रकान्यात घालू?
'इन्व्हेंटरी हाताळणीचा प्रदीर्घ अनुभव' लिही,
शेजारचा इंद्रजित म्हणाला, इंजिनिअर आहे तो.
लिहिलं.
वाक्य चांगलं झालं, हात गेला.

मधली दोन वर्षं रिकामी का, असं तुम्ही विचारता.
रिकामी नव्हती हो.
आप्पांना सीपीआरला न्यायचं, आणायचं,
गोळ्या वारांप्रमाणे लावायच्या,
कुठली संपत आली, कुठली उद्या लागेल,
स्टोअरच होतं ते. पगार तेवढा नव्हता.
लिहिलं : 'कौटुंबिक कारणास्तव.'

आई आतून ओरडते, 'सरळ फोन लाव की!
तोंड न्हाई व्हय तुला?'
फोन कुणी उचलत नाही, आई.
पत्राला तर नाहीसुद्धा येत नाही.
आमच्याकडं कास्टिंग नापास झालं
तरी पिवळ्या खडूनं गोल करून परत यायचं :
इथं हवा राहिली, इथं वाळू.
सव्वीस वेळा गेले मी,
कुणी खडूही लावला नाही.

रात्रीचे अकरा. कुठंतरी एक लेथ अजून चालू आहे.
पंख्यानं कागद उडतात म्हणून
आप्पांची पट्टी काढली, वर ठेवली.
आप्पा पॅटर्नमेकर.
चौथीत मी चोरून हीच शाळेत नेली होती,
दहा सेंटिमीटरची रेघ
बाईंच्या पट्टीवर एक मिलिमीटर जास्त भरली
आणि छडी बसली.
घरी येऊन म्हटलं, तुमची पट्टी खोटी आहे.
हातातलं सागवान खाली न ठेवता ते म्हणाले,
'खोटी न्हवं. बीड निवताना आकसतंय.
जेवढं आकसणार
तेवढं आधीच वाढवून द्याचं असतंय.'

तर, महोदय किंवा महोदया,
खोडलेलं सगळं परत घातलं आहे.
हे पत्र त्या पट्टीनं मोजलेलं समजा.
'अत्यंत उत्सुक' जिथं आहे तिथं
निवल्यावर 'सोमवारपासून येते' एवढं उरेल.
'प्रदीर्घ'चे सात उरतील.
ओढ बहुतेक सगळीच आटेल,
पण तोट्या मोजून देईन,
टेबलाखाली वाकून बघेन.

मूठ सोबत जोडलेली नाही.
तुम्ही दोन एमबीच्या आतलीच फाइल घेता.

कळावे,
हर्षदा आनंदा सुतार

ता. क. नको असेन तर नको.
पण एक गोल काढून परत पाठवा,
हवा नेमकी कुठं राहिली
तेवढं तरी बघते.