मागचा हात

रिव्हेट मारायला दोघं लागतात.
बाहेरून हार्लन बंदूक टेकवतो,
आतून मी, पंखाच्या पोटात वाकून,
पोलादी ठोकळा धरते.
मधे पातळ पत्रा. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.
सव्वीस वर्षं आमचं बोलणं एवढंच:
तो एकदा ठोकतो. तयार?
मी दोनदा. हो.

विचिटाच्या दक्षिणेला, रुळांपलीकडे, शेड नंबर चार.
इथली विमानं दुसऱ्या विमानांना
उडता उडता तेल पाजतात.
जानेवारीत ठोकळा तळहाताला चिकटतो,
कातडं ठेवून सुटतो.

निकालाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला.
कंपनीनं केक आणलेला, वर निळ्या साखरेचं विमान,
शेपटीपाशी जरा खचलेलं.
एक जनरल बोलला. पल्ला, वजन, किंमत, गुण,
आणि एका वाक्यात कंत्राट समुद्रापार गेलं.
विमान परक्यांचं, जोडणी अलाबामात.
कोणी ओरडलं नाही.
डेल्बर्ट कोएननं न वापरलेली सुरी
रुमालाला पुसली, खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी फलक निघाले.
आपलं आकाश, आपलं विमान.
एक मीही धरला, खोटं कशाला बोलू.
पिकतं तिथं विकत नाही, असं कुणाला तरी म्हटलं,
तर आमदारानं ते पुढच्या दोन सभांत
स्वतःचं म्हणून वापरलं.

पण मी सुट्या भागांची यादी वाचलेली बाई.
आमच्या ‘आपल्या’ विमानाची दारं इटलीतून येतात,
शेपटीचा तुकडा कोरियातून, लाकडी खोक्यात,
खोकं उघडलं की भुसा सांडतो, तो मीच झाडते.
आणि त्या परक्याच्या इंजिनावर
ओहायोतल्या माणसांच्या बोटांचे ठसे.
हार्लनला सांगितलं.
तो म्हणाला, पगार कुठून येतो ते बघ, व्हर्ला.
तेही खरंच.

माझ्या बापाची पणजी क्रिमियातून आली,
ट्रंकेत लाल गहू, दाणा दाणा निवडलेला.
आज त्याला कॅन्ससचा गहू म्हणतात,
कोणी कागद मागत नाही त्याच्याकडे.
ती माणसं लढाई नको म्हणून निघाली होती,
हत्यार धरणार नाही, अशी शपथ घेऊन.
ठोकळा म्हणजे हत्यार का,
हे मी चर्चच्या बाकावर
कितीदा ठरवलंय, आणि सोमवारी
सात वाजता कार्ड पंच करून मोडलंय.

मार्चमध्ये शेड चार बंद झाला.
हार्लननं हवेची नळी गुंडाळली,
पुन्हा उलगडली, पुन्हा नीट गुंडाळली.
मी ठोकळा घरी आणला. चोरी म्हणा हवं तर.
स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटतं,
त्याला लावलाय.

एप्रिलात रात्री अकराला फोन. बहिणीचा क्लेटन, अलाबामाहून.
“मावशी, मी लागलो. तिकडेच.”
मग नुसताच श्वास.
“चिडलीस?”
मी बोलले नाही.
“शिकवतात चांगलं, पण सगळं कागदावर.
ठोकळा धरून बसतो मी,
रिव्हेट बसला हे कळतं कसं?”

बाहेर गव्हात वारा होता, अंधारात नुसता आवाज.
सांगू नये असं वाटलं.
बराच वेळ वाटलं.
मग म्हटलं, डोळे मीट. मनगट सैल सोड.
आधी आवाज पोकळ येतो, रिकाम्या डब्यासारखा,
मग एकदम भरतो. भरला की थांब.
वर एक ठोकाही नको, पत्रा चिरतो.

“बंदूक कोण धरतं तुझ्यासमोर?”
“एक पोरगी. तुलूझहून आलीय शिकवायला.
तिचं इंग्रजी मला कळत नाही, माझं तिला.”
“लागत नाही,” म्हटलं.
“आधी एकदा ठोकते का?”
“हो. का ठोकते?”
“तू दोनदा ठोक.”