मागच्या बाजूचा शिक्का

पोलीस ठाण्याच्या काचेवर कागद चिकटवलेला:
परवान्याचं नूतनीकरण तूर्त बंद,
मुदत संपत आलेल्यांनी खिडकी क्रमांक तीन.
तोकुजिरोनं तो दोनदा वाचला, मोठ्यानं,
मास्कमधली वाफ चष्म्यावर चढेपर्यंत.
फरशीवर पिवळी पावलं रंगवलेली,
प्रत्येकानं आपापल्या जोडीवर उभं राहायचं.
आम्ही दोघं एकाच जोडीवर.

पंचाहत्तरी ओलांडली की इथं परीक्षा असते.
सोळा चित्रं दाखवतात, काढून घेतात,
मग विचारतात, काय काय होतं?
घड्याळ काढा म्हणतात, अकरा वाजून दहा मिनिटं.
आजचा वार. महिना. साल.

हिवाळाभर तयारी चालली होती आमची.
बर्फ निम्म्या खिडकीपर्यंत आलेलं,
रॉकेलच्या शेगडीवर किटली,
आणि मी दुकानांच्या जाहिरातींतून चित्रं कापतेय:
तवा, कोंबडी, द्राक्षं, बांबूचा कोंब, पक्कड.
कोंबडी त्याला दर वेळी आठवायची.
पक्कड कधीच नाही.
चाळीस वर्षं सफरचंदाच्या फांद्यांना तार बांधत
जी त्याच्या मागच्या खिशात राहिली, ती पक्कड.
घड्याळ मात्र सुरेख काढायचा, बाराही आकडे रेखीव,
फक्त काटे राहून जायचे.

हे एत्सुकोला सांगितलेलं नाही.
ती सेन्दाइहून फोन करते, दर रविवारी तेच:
आई, बाबांना म्हणावं परवाना परत करून टाका,
सगळे करताहेत, टॅक्सीची कुपनं मिळतात.
टॅक्सी बागेत येते का?
फवारणीचा पंप टॅक्सीत चढतो का?
मी हूं हूं करते आणि भांडी घासायला घेते.

मी गाडी शिकले नाही. रस्ता शिकले.
देवळाच्या लाल कमानीपाशी डावीकडे.
कालव्याशी हळू.
दिवा बघ, तोकुजिरो, लाल आहे, लाल.
दोन वर्षं झाली,
आमचा पांढरा छोटा ट्रक दोन माणसं मिळून चालवतात,
परवाना एकाच्याच नावावर आहे.

खिडकीमागे, प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे, कोवळा पोलीस.
त्यानं कपाळावर यंत्र रोखलं. छत्तीस पूर्णांक दोन.
ताप नाही, म्हणाला.
वार विचारला नाही. साल विचारलं नाही.
परवाना उलटा केला आणि मागच्या बाजूला
शिक्का मारला: तीन महिने.
परीक्षा पुढे ढकललीय, आजोबा, जपून राहा.
तोकुजिरो वाकला.
मी त्याच्याहून खाली वाकले.

त्याच आठवड्यात शेजारच्या हिसायोचा भाऊ
तोक्योच्या इस्पितळात गेला.
राख आणायलासुद्धा तिला जाता आलं नाही,
ती पडवीत बसून मुळे किसत राहिली, टोपलंभर.
आणि मी, त्या खिडकीपाशी,
इतकी हलकी झाले होते
की घरी आल्यावर तिच्याकडे बघवेना.

पण घरी यायच्या आधी एक झालं.
कालवा ओलांडून बागेच्या वाटेला लागलो
आणि त्यानं ट्रक थांबवला. मी काही न सांगता.
दोन्ही बाजूंना फुलं आलेली, पांढरी, कडेला गुलाबी झाक,
माणूस कुणी नाही.
तो उतरला, पुढून वळसा घालून माझं दार उघडलं.

पक्कड, म्हणाला.
काय?
पक्कड होती शेवटची. मला माहितीय तू काय करतेस ते.
सरक पलीकडे.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची, म्हटलं मी.
तीन महिने आहेत, तो म्हणाला,
आणि पट्टा लावून माझ्या जागी बसला,
हात मांडीवर, नव्या नवरीसारखा.

क्लच. हळू.
कोंबडीसारखी मान पुढे काढू नकोस.
ट्रकनं उडी मारली, आचका दिला, बंद पडला.
काचेवर चार-दोन पाकळ्या.

परत, तो म्हणाला.